पुरेशी साधने: होय

साथ सुरू होऊन अडीच महिने झाले, तेव्हा दंतविभागाला आदेश आला. आदेश कसला, दीड ओळ होती. ‘उद्यापासून दंतविभागाचे सर्व काम पूर्ववत सुरू करावे. सबबी ऐकून घेतल्या जाणार नाहीत.’

दातांच्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला. रुग्णालयात त्यांना सगळे याच नावाने ओळखत. वरच्या मजल्यांवर हृदयाचे डॉक्टर होते, हाडांचे सर्जन होते आणि तळघरात होत्या दातांच्या बाई. ‘सबबी’ या शब्दापाशी त्यांची नजर अडकली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. या अडीच महिन्यांत त्यांनी विभाग एक दिवससुद्धा बंद ठेवला नव्हता. गळ्यापर्यंत सूज उतरलेली माणसं त्यांनी पाहिली होती. दात उपटल्यावर रक्त थांबेना म्हणून दोन टॉवेल भिजवून आलेली बाई पाहिली होती. एका ट्रकचालकाने तर दवाखाने बंद असल्याच्या समजुतीने स्वतःची दाढ गाडीच्या पकडीने ओढली होती. दाढ अर्धीच आली, जबड्याला मात्र चीर गेली. तो खुर्चीत बसून ढसाढसा रडला, आणि रडताना तोंड उघडल्यामुळे त्याला आणखी दुखलं.

त्यामुळे दात दुखणं म्हणजे काय, हे बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त इतके दिवस त्यांनी एक पथ्य पाळलं होतं: ज्याला थांबता येणार नाही त्यालाच घ्यायचं, आणि शक्य असेल तिथे हातानेच काम उरकायचं. ड्रिल लावायचंच नाही. ड्रिल फिरतं तेव्हा ते तापू नये म्हणून त्याच्या टोकातून पाणी उडतं. ते पाणी तोंडातली थुंकी आणि रक्त घेऊन बारीक धुक्यासारखं बाहेर येतं, आणि डॉक्टरचं तोंड तर तिथून वीतभर लांब.

त्यातून विभाग तळघरात. एका अंगाला धोबीखाना, दुसऱ्या अंगाला जुन्या कागदपत्रांची खोली. छताजवळ एक आडवी खिडकी होती, पण रंगाचे थर चढून चढून ती चिकटून गेली होती, आणि तिच्यापुढे कागदपत्रांच्या खोलीत न मावलेली फाइलींची लोखंडी मांडणी उभी केली होती. एकोणीस वर्षांत बाईंनी ती हलवण्यासाठी किती अर्ज केले असतील, त्याला गणती नव्हती. ते अर्जही बहुतेक त्याच मांडणीवर असावेत.

“मावशी, चला,” बाई म्हणाल्या. “साहेबांना भेटून येऊ.”

मावशी म्हणजे त्यांची मदतनीस. वय सत्तावन्न, उंची जेमतेम पाच फूट, आणि जीभ ड्रिलपेक्षा धारदार. एकोणीस वर्षं त्या खुर्चीच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसून रुग्णाच्या तोंडातलं पाणी नळीने ओढून घेत होत्या. रुग्णांना त्या नावाने ओळखतच नसत. “आज सकाळी दोन अक्कलदाढा, एक कीड आणि एक घाबरट,” अशी त्यांची हजेरी असे.

“तुम्हीच जा बाई,” मावशी म्हणाल्या. “मी आले तर माझ्या तोंडून काहीतरी निघेल, आणि मग ते परत आत घालता यायचं नाही.”

अधीक्षक दुसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या दालनात होते. साथ आल्यापासून त्यांनी आपली केबिन सोडून तिथेच बस्तान हलवलं होतं. दालनाला सहा खिडक्या होत्या, सहाही उघड्या. चाळीस माणसांच्या टेबलाशी ते एकटे लॅपटॉप उघडून बसले होते आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून कागदांवर त्यांनी आपलं घड्याळ ठेवलं होतं.

“बसा मॅडम. लांबच बसा,” ते म्हणाले. “बोला.”

“साहेब, काम सुरू करायला माझी ना नाही. पण हवा खेचणारा पंखा हवा, खिडकीची खोली हवी, आणि मावशींना व मला रोज नवा एन-९५ मास्क हवा. एवढं द्या, उद्या काय, आजच सुरू करते.”

“मॅडम, वर लोक श्वासासाठी झगडतायत. तुम्ही दातांचं घेऊन बसलात. दातांनी आजवर कुणी मेलंय का?”

“मेलंय. सूज गळ्यात उतरली की माणूस गुदमरून मरतो. मागच्या महिन्यात मीच दोघांना वर पाठवलं तुमच्याकडे.”

अधीक्षकांनी तो मुद्दा हाताने बाजूला सारला. “हे बघा, प्रत्येकाला शिंक येते, खोकला येतो. तेवढा धोका सगळ्यांनाच आहे.”

“माणूस एकदा शिंकतो साहेब. आमचं यंत्र वीस-वीस मिनिटं शिंकत राहतं. आणि शिंकणाऱ्याच्या तोंडात आमचे दोघींचे हात असतात.”

“मग दोन रुग्णांच्या मध्ये पाच मिनिटं ठेवा.”

“बंद खोलीत अर्धा तासही कमीच. हे दालन द्या मला. तुमच्याशिवाय दिवसभर कुणी नसतं इथे. एक साधी खुर्ची, पाण्याचा एक नळ...”

“या गालिच्यावर?” अधीक्षकांना खरोखरच धक्का बसला. “मागच्याच वर्षी घातलाय हो! रुग्णांची यादी किती लांबलीय ती पाहा आधी. वरून विचारणा होतेय मला. या आता.”

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. बाई जिना उतरून तळघरात आल्या तोवर त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

मावशींना घेऊन त्या भांडारात गेल्या, तर तिथे आणखी निराळी तऱ्हा. भांडारप्रमुखाला सगळे ‘कुलूप’ म्हणत, कारण तो वस्तू देण्यासाठी नव्हे तर न देण्यासाठीच नेमलाय असं सगळ्यांचं मत होतं. त्याने खिडकीतून दोन मास्क आणि दोन कागदी पिशव्या पुढे सरकवल्या.

“एक मास्क, एक आठवडा,” कुलूप म्हणाला. “संध्याकाळी पिशवीत ठेवायचा, सकाळी काढायचा. पिशवीवर नाव घाला, अदलाबदल नको.”

“संध्याकाळपर्यंत तो ओला होतो. ओल्या मास्कचा काही उपयोग नसतो, हे माहीत आहे ना तुम्हाला?”

“मला एवढंच माहीत आहे की यादीत दंतविभाग शेवटून दुसरा आहे. फुलांच्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्याच्या वर, एवढं समाधान माना.”

मावशींनी आपला मास्क उचलला आणि बाईंच्या हातावर ठेवला. “दोन्ही तुम्हीच वापरा. आलटून पालटून. तुम्ही तोंडाशी असता.”

“आणि तुम्ही कुठे असता, देवळात? मुकाट्याने घाला तो.”

काम सुरू झालं. दिवसाला अकरा रुग्ण. त्यातल्या सात-आठांना ड्रिल लावावंच लागे. बाई आत किट, वर गाऊन, चष्म्यावर पारदर्शक ढाल असा सरंजाम चढवून वाकत. ढालीवर आतून वाफ धरे आणि कीड कुठली, सावली कुठली ते कळेनासं होई. घाम पाठीवरून ओघळत थेट मोज्यांत जाई. पाणी प्यायचं तर सगळं उतरवा, पुन्हा चढवा. म्हणून त्या पाणीच पीत नसत. नाकाच्या हाडावर मास्कने पाडलेला वण बुजायच्या आत दुसरा दिवस उजाडे. पूर्वी रुग्णाला धीर द्यायला त्या हसत. आता नुसते डोळे दिसत, आणि डोळ्यांत हसू उरलेलं नव्हतं. रुग्णाने जरा खोकलं की बाईंचा हात आपोआप मागे येई. एकोणीस वर्षांत ज्या हाताला कधी कंप माहीत नव्हता, तो मागे येतो हे पाहून त्यांना स्वतःचाच राग येई, आणि मग ज्यांच्यामुळे ही पाळी आली त्यांचा.

घरी तर त्या पाहुण्याहूनही परक्या झाल्या होत्या. सासऱ्यांची फुप्फुसं आधीच अधू. त्यामुळे बाई वरच्या खोलीत एकट्या राहत. नवरा जेवणाचं ताट जिन्याच्या सातव्या पायरीवर ठेवून खाली जाई आणि तिथून हाक मारी. मुलगी खालून परीक्षेच्या गोष्टी ओरडून सांगे. सासरे जिन्यापाशी खुर्ची टाकून बसत आणि रोज न चुकता विचारत, “सूनबाई, आज किती जबडे?”

“अकरा, बाबा.”

“आणि तुझा?”

त्यांचाही जबडा दुखत होता. एका सकाळी पावाची कडा चावताना कट् असा आवाज आला आणि खालची डावी दाढ उभी चिरली. बाई तशाच बसून राहिल्या. गेल्या पंधरा दिवसांत त्यांनी अशाच चिरलेल्या दाढांचे नऊ रुग्ण पाहिले होते आणि प्रत्येकाला सांगितलं होतं, “तुम्ही झोपेत दात आवळता. काळजीने होतं तसं. मन शांत ठेवा.” आता स्वतःला काय सांगावं ते त्यांना सुचेना. आपलेच दात, आपलेच ओठ, आणि डॉक्टरही आपणच.

त्या दिवशी शेवटचा रुग्ण गेल्यावर त्या स्वतःच खुर्चीत आडव्या झाल्या, हातात छोटा आरसा धरला आणि म्हणाल्या, “मावशी, तात्पुरतं सिमेंट कालवा. मी सांगते तसं भरा.”

“सांगायला कशाला पाहिजे?” मावशींनी दिवा ओढून घेतला. “एकोणीस वर्षं बघतेय. आ करा. मोठा. अजून मोठा. कशा हो तुम्ही डॉक्टर, साधा आ करता येत नाही?”

बाईंना हसू आलं, सिमेंट सांडलं, मावशी रागावल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी ते असं नेटकं बसवलं की बाईंनी जिभेने तीन-तीनदा चाचपून पाहिलं.

“शेवटी रुग्णाला काय सांगतो आपण?” मावशींनी विचारलं.

“अर्धा तास काही खाऊ नका.”

“आणि मन शांत ठेवा,” मावशी म्हणाल्या. “ठेवा की आता!”

काम सुरू होऊन चार आठवडे झाले आणि एका सकाळी मावशी आल्याच नाहीत. त्यांच्या बहिणीचा फोन आला. दोघी बहिणी एकत्र राहत. बहीण गुडघ्यांमुळे वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. रात्रीपासून मावशींना ताप होता आणि बोलताना धाप लागत होती. दुपारपर्यंत त्यांना त्याच रुग्णालयात, चौथ्या मजल्यावर दाखल केलं. बाईंना वर सोडलं नाही. त्यांना घरी पाठवलं गेलं, सात दिवस खोलीबाहेर पडू नका म्हणून.

ते सात दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांची तपासणी निर्दोष आली. बहिणीचीही निर्दोष आली. मावशींना मात्र ऑक्सिजन लावला होता. बाई खोलीत येरझाऱ्या घालत आणि पुन्हा पुन्हा एकच हिशोब मनात मांडत: मास्क एकसारखा, खोली एकच, रुग्ण तेच, मग आपण का नाही आणि त्या का? मग त्यांना आठवायचं, आठवड्याच्या शेवटी आपला मास्क कधी फारसा मळकट नसायचा. पिशव्यांवर नावं होती, पण पिशव्या लावून ठेवायचं काम मावशींचं होतं. दोन्हींतला जो बरा तो त्या बाईंच्या पिशवीत घालत असणार. विचारायला जावं तर मावशींच्या तोंडावर ऑक्सिजनची नळी.

आठव्या दिवशी बाई कामावर परतल्या, तेव्हा टेबलावर एक फॉर्म ठेवलेला होता. ‘कर्मचारी आजार अहवाल.’ निळ्या शाईने तो आधीच भरलेला. ‘संसर्गाचे संभाव्य ठिकाण: घर.’ त्याखाली, ‘पुरेशी संरक्षक साधने पुरवण्यात आली होती: होय.’ ‘होय’च्या पुढे सुबक खूण. सगळ्यात खाली विभागप्रमुखाच्या सहीसाठी रिकामी जागा, आणि जागा चुकू नये म्हणून पेन्सिलने केलेली फुली.

बाई त्या फुलीकडे बघत राहिल्या. मग फॉर्म उचलून दोन-दोन पायऱ्या एकदम चढत दालनात गेल्या.

“हे कुणी भरलं?”

“कार्यालयाने. तुमचा त्रास वाचवला,” अधीक्षक म्हणाले. “फक्त एक सही हवी.”

“घर? घरात एक बहीण, ती वर्षभर उंबऱ्याबाहेर गेलेली नाही, आणि तिची तपासणी निर्दोष आहे. तिने कुठून आणला संसर्ग, स्वप्नातून?”

“मॅडम, माणसं बाजारात जातात, बसमध्ये बसतात. कोण सिद्ध करणार? आणि समजा कामावर झाला असं लिहिलं, तर उद्या प्रत्येक जण तेच म्हणेल. चौकशी लागेल. रुग्णालयाचं नाव खराब होईल. अशा वेळी आपण सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं.”

“मावशींना कुणी सांभाळून घेतलं?”

अधीक्षकांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झाला की काळजी घ्यावी हे रुग्णालयात सगळ्यांना ठाऊक होतं. “तुमचा वार्षिक अहवाल माझ्याच हातून जातो ना हो? एकोणीस वर्षांत एकही वाकडा शेरा नाही तुमच्यावर. विचार करा. उद्या सकाळी द्या.”

फॉर्म घेऊन बाई घरी आल्या. जिन्याच्या वरच्या टोकाशी बसून त्यांनी खाली सगळी हकिगत सांगितली.

“तू सही केलीस किंवा नाही केलीस, मावशींचा ताप काही उतरणार नाही,” नवरा म्हणाला. “तो माणूस डूख धरणारा आहे. कशाला नसता वाईटपणा घेतेस?”

“वाईटपणा मी घेतेय?” बाईंचा आवाज चढला. “खोटं त्याने लिहायचं, आणि वाईट मी?”

“तसं नाही गं...”

“तसंच आहे!”

सासरे खुर्चीत जरा पुढे सरकले. ते कारखान्यातले बॉयलर तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. नोकरीबद्दल ते कधी बोलत नसत. घरात सगळ्यांना वाटे, त्या धुरानेच फुप्फुसं गेली म्हणून राग असेल.

“मी केली होती तशी सही,” ते म्हणाले. “एकदाच. बॉयलर न बघता. साहेब म्हणाले, एक सहीच तर आहे. सहा आठवड्यांनी तो फुटला. दोन माणसं भाजली.” त्यांना धाप लागली. मुलगी पाणी घेऊन आली. त्यांनी तिला हातानेच थांबवलं. “मला कुणी काही केलं नाही, सूनबाई. कागद चोख होता ना माझा!”

नवऱ्याने मान खाली घातली. आपल्या वडिलांची ही गोष्ट तोही पहिल्यांदाच ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ‘घर’ या शब्दावर आडवी रेघ मारून ‘दंतविभाग’ लिहिलं. ‘होय’वर रेघ मारून ‘नाही’ लिहिलं. प्रत्येक रेघेखाली सही केली आणि सोबत विभागाची रोजची वही जोडली. त्या वहीत प्रत्येक रुग्ण, ड्रिल किती मिनिटं चाललं, आणि मास्क कितव्या दिवसाचा, सगळं त्यांच्या अक्षरात होतं. एक प्रत अधीक्षकांना दिली, दुसरी थेट वरच्या कचेरीत पाठवली.

मग जे व्हायचं ते झालं. बोलावणी आली. ‘दातांच्या बाई डोक्यावर पडल्यात’ अशी कुजबुज झाली. हाडांच्या सर्जनने जिन्यात अडवून सल्ला दिला की लढाईच्या काळात शिपाई तक्रार करत नाही. “शिपायाला निदान खिडकीतून शत्रू दिसतो,” बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात तसं अधीक्षकांनी उलट पत्र काढलं की दंतविभागातच स्वच्छतेची शिस्त नाही.

अखेर तीन जणांची समिती आली. तिच्या अध्यक्षा एक निवृत्त शल्यचिकित्सक होत्या, पांढऱ्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. बैठक अर्थातच दालनात, सहा उघड्या खिडक्यांमध्ये.

“वही आम्ही वाचली,” अध्यक्षा म्हणाल्या. “पण मला प्रामाणिकपणे सांगा डॉक्टर, दाताच्या कामात असं उडतं तरी किती? शस्त्रक्रियेसारखं थोडंच असतं ते?”

“सांगून पटणार नाही,” बाई म्हणाल्या. “खाली चला. दहा मिनिटं लागतील.”

समितीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तळघरात जायला कुणी फारसं राजी दिसेना, आणि ते बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. पण अध्यक्षा उठल्या, तेव्हा बाकीच्यांनाही उठावं लागलं.

बाईंनी सकाळीच तयारी करून ठेवली होती. धोबीखान्यातली प्रमुख बाई, मावशींची जुनी मैत्रीण, तिने धुतलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरी दिल्या होत्या. त्या भिंतींवर, फरशीवर, शेजारच्या खुर्चीवर अंथरल्या होत्या. खुर्चीत प्लास्टिकच्या दातांचं शिकवायचं डोकं बसवलं होतं. दातांवर साचलेला थर दिसावा म्हणून एक लाल औषध लावतात. ते बाईंनी ड्रिलच्या पाण्याच्या बाटलीत ओतलं होतं.

“साहेब, तुम्ही या स्टुलावर बसा,” त्या अधीक्षकांना म्हणाल्या. “मावशींच्या जागेवर. ही नळी धरा. हा गाऊन, हा मास्क. मास्क सहाव्या दिवसाचा आहे, पण काळजी नको, मीच वापरलेला आहे आणि मी निरोगी आहे.”

“हे काय नाटक चाललंय?”

“बसा ना साहेब,” अध्यक्षा म्हणाल्या. “लाल पाणीच तर आहे.”

मास्क मात्र अधीक्षकांनी खिशातून स्वतःचा काढला. नवाकोरा, पाकिटातला. ते पाकीट फाटल्याचा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला.

बाईंनी ड्रिल सुरू केलं. तो किर्र आवाज तळघरात घुमला. चार मिनिटं, घड्याळ लावून. मग त्यांनी ड्रिलच्या पेडलवरून पाय काढला आणि मोठा दिवा भिंतीकडे वळवला.

अधीक्षकांच्या कोपरापासून मनगटापर्यंत लाल ठिपके होते. गाऊनच्या गळ्यातून दिसणाऱ्या फिकट शर्टाच्या कॉलरवर होते. चष्म्यावर, कपाळावर, कानामागे होते. नव्याकोऱ्या मास्कवर मधोमध, नाकाच्या खाली, दाट रांगोळी घातल्यासारखे होते. समोरच्या चादरीवर, दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या अंतरावरही एक बारीक लाल रेघ चमकत होती. समितीतला एक जण नकळत दाराकडे सरकला.

“हे मोठे थेंब,” बाई म्हणाल्या. “हे दिसतात. जे दिसत नाहीत ते या खोलीत तरंगत राहतात, कारण जायला वाट नाही. ती वर खिडकी आहे. तिच्यापुढे फाइली आहेत. मावशी या स्टुलावर अशा एकशे अडुसष्ट वेळा बसल्या, प्रत्येक वेळी चार नाही, वीस मिनिटं. आणि तुम्ही लिहिलंत, घर. तुम्ही लिहिलंत, होय. मी काम टाळत नव्हते साहेब. मी खिडकी मागत होते. माणसापेक्षा तुम्हाला गालिच्याची जास्त काळजी वाटली!”

अधीक्षकांनी रुमाल काढून कॉलर पुसायचा प्रयत्न केला. ठिपके पसरले. “हा रंग... जाईल ना?” ते पुटपुटले.

“नाही जायचा साहेब,” धोबीखान्याची बाई दारातून म्हणाली. “एवढ्या वर्षांच्या अनुभवाने सांगते.”

पाच आठवड्यांनी अहवाल आला. मावशींचा आजार कामावर असताना झाला हे मान्य झालं. दंतविभागाला पहिल्या मजल्यावर दोन खिडक्यांची खोली मिळाली, पंखा बसला, रोज नवा मास्क मिळू लागला. वरातीमागून घोडं आलं, पण आलं. कुलूप स्वतः खोकी पोचवायला आला आणि बाईंच्या नजरेला नजर न देता सही घेऊन गेला. अधीक्षक होते तिथेच राहिले. रुग्णालयाच्या पत्रिकेत त्या खिडक्यांचा फोटो छापून आला. खाली ओळ होती, ‘अधीक्षकांच्या दूरदृष्टीतून साकारलेला सुरक्षित दंतविभाग.’ बाईंनी ती पत्रिका चुरगाळली, पुन्हा सरळ केली आणि पर्समध्ये घातली.

रविवारी त्या मावशींच्या घरी गेल्या. तेवीस दिवसांनी रुग्णालयातून सुटलेल्या मावशी पलंगावर दोन उशांना टेकून बसल्या होत्या. वजन उतरलं होतं. चार शब्द बोलले की थांबून श्वास घ्यावा लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिना चढायचं काम आता विसरा. बहिणीने खिडकी उघडून बाईंना तिच्याजवळ बसवलं.

“नवी पोरगी कशी आहे?” मावशींनी विचारलं.

“बरी आहे. नळी अजून गालाशीच धरते, जिभेखाली नाही.”

“शिकवा... हळूहळू.” मावशींनी श्वास घेतला. “मी काही आता येत नाही, बाई.”

बाईंना ते ठाऊक होतं. मग त्यांनी मास्कच्या पिशव्यांबद्दल विचारलं. मावशींनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, “काय ते उगाच जुनं उकरता.” एवढंच.

बाईंनी पत्रिका आणि अहवालाची प्रत पलंगावर ठेवली. मावशींनी पत्रिका बघून नुसतं नाक उडवलं. अहवाल मात्र चष्मा लावून, बोट फिरवत वाचला. शेवटच्या परिच्छेदाशी बोट थांबलं.

“‘एक दुर्दैवी त्रुटी राहून गेली.’ त्रुटी म्हणजे... काय हो?”

“चूक.”

“कुणाची?”

“ते लिहिलेलं नाही.”

“आपोआप राहून गेली?” मावशी एवढ्या जोरात म्हणाल्या की त्यांना खोकला आला. बहीण धावली. खोकला थांबल्यावर त्यांनी हातानेच खूण केली, कागद द्या, पेन द्या. पेन बाईंच्या पर्समध्ये होतं. मावशींच्या हाताला लिहिणं झेपेना, म्हणून बाईंनी कागद गुडघ्यावर घेतला आणि समितीच्या नावाने पत्र लिहायला घेतलं: ‘अहवालातील त्रुटी नेमकी कोणाची होती, ते कृपया नाव घेऊन कळवावे.’

लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं. मावशींनी डोळे मिटून ऐकलं.

“‘कृपया’ काढा त्यातून,” त्या म्हणाल्या.

बाईंनी तो शब्द खोडला, आणि कागद मावशींच्या सहीसाठी पुढे धरला.